काकूंच्या गच्चीवरची मिठाची मशीन

पहिले माफी मागून घेते. माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मले कधी जमलं नाही, जोडाक्षर आलं का हात थांबते अन् मी दुसरा सोपा शब्द शोधते. चौथी पास आहे मी, त्याच्यापुढे पेन हातात धरला तो किराण्याची यादी कराले. चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, घरी पाहुणे आले का मी सैपाकखोलीतून बाहेर येत नाही. म्हणून आमच्या स्वातीनं, म्हणजे माझ्या पोट्टीनं, मोबाईलमध्ये बोलणं कसं भरायचं ते दाखवून दिलं, म्हणाली आई, घरी कोणी नसताना तू एकटीच बोल, मंग ऐकत ऐकत लिहून काढ, कोणाले दाखवू नको. तशी मी दुपारी कपड्यांच्या घड्या करता करता बोलली, अन् आता माझंच बोलणं कानाले लावून लिहून राहिली. आपलाच आवाज ऐकाले भल्ली लाज वाटते बाप्पा! पण गोष्टच अशी आहे का पोटात राहत नाही.

मी सुमन. मूळची उमरेडची, आमचं घर विणकरांचं. बाबा हातमागावर लुगडी विणत, आई अन् मी कांड्या भरत, म्हणजे लडीचं सूत चरख्यानं बारक्या नळ्यांवर गुंडाळत. चौथीची परीक्षा झाली अन् आईचा खांदा धरला, मंग कांड्या कोण भरन, मी भरल्या, शाळा तिथंच सुटली. त्याचं मले दुःख नाही, खोटं काहून सांगू, शाळेत गुरुजींनी नाव घेतलं तरी मी रडत होती. पण बाबांजवळ मी खूप शिकली. बाबा सूत रंगवत तेव्हा मले पाणी आणाले दूरच्या विहिरीवर धाडत. मी म्हणे बाबा, दारात विहीर असताना काहून एवढं दूर, डोकं दुखते माझं. तर बाबा म्हणत, दारातलं पाणी जड आहे बाई, त्यात साबण फाटते, रंग डाग डाग बसते, डाळ टाकली तर दोन घंटे बोटचेपी होत नाही. जड पाणी अन् हलकं पाणी हे मी असं डोक्यावरून वाहून शिकली, वजन दोघांचं सारखंच लागे ते सोडा.

लग्न होऊन सक्करदऱ्याले आली. आमच्या ह्यांच्या घरीही मागच होते, पण मी आली तोवर एकच उरला होता, अन् तोही मंग विकला. हे मालाचा ऑटो चालवतात. मी हुडकेश्वरले तीन घरची कामं धरली, सायकलनं जाते. त्या तीनमधलं एक घर कुसुमकाकूचं. काकू म्हणजे रिटायर मास्तरीण, एकट्या राहतात, मुलगा पुण्याले. आवाज असा का गल्लीतलं कुत्रं पण सरळ बसते. पण मनानं चांगल्या, चहा देतील तर आपल्या कपाएवढाच देतील, अर्धा नाही.

हुडकेश्वरकडं सगळं बोअरचं पाणी. अन् काय सांगू तुम्हाले कसलं पाणी! नळाच्या तोंडावर पांढरे खडे जमत, स्टीलची बादली चार महिन्यात अशी होई जशी चुन्याची डबी, काकूचा गीझर दोनदा आतून भरून गेला, अन् कपडे धुवाले मले दीडपट साबण लागे, तरी फेस नाही, नुसता पांढरा चिकट थर तरंगे. मी कपडे आपटताना म्हणे, हे आमच्या दारातलं पाणी इथं कसं काय आलं. मंग पुण्याच्या मुलानं ती मशीन पाठवली. पाणी नरम करायची मशीन, सॉफ्टनर म्हणतात, आम्ही बाया मिठाची मशीन म्हणतो. गच्चीवर बसवली. एक उंच निळा नळकांड्यासारखा टाका, त्याच्या डोक्यावर हँडल, अन् बाजूले मिठाचा ड्रम. खालून मोटर पाणी फेकते, ते मशीनमधून जाते अन् मंग वरच्या टाकीत पडते.

पहिल्या दिवशी त्या पाण्यानं मी कपडे धुतले अन् माय वं! एवढासा साबण अन् बादलीभर फेस, फेस बादलीच्या बाहेर, मी फेस हातावर घेऊन पाहत बसली. काकू म्हणाल्या अगं, कधी फेस पाहिला नाहीस का? मी काही बोलली नाही, मी कधी बोलते. पण मनात म्हटलं, नाही पाहिला काकू, खरंच असा नाही पाहिला.

ते हँडल आठवड्यातून एकदा फिरवावं लागे, अन् त्यावर सगळं इंग्रजीत लिहून. काकूनं काय केलं, आपल्या जुन्या टिकल्या काढल्या अन् हँडलच्या चार जागी चार रंगाच्या चिकटवून दिल्या. हिरव्या टिकलीवर हँडल म्हणजे घरात पाणी चालू. पिवळीवर नेलं का पाणी खालून वर उलटं धावते अन् आतला कचरा नालीत फेकते. लालवर नेलं का मशीन मिठाचं पाणी ओढून घेते, हळूहळू, अर्धा घंटा. अन् काळीवर साधं पाणी, नालीचं पाणी बोट लावून चाखायचं, खारट लागलं तर अजून चालू द्यायचं, खारट गेलं का परत हिरवीवर. काकू म्हणाल्या चार टिकल्या, एवढं लक्षात ठेवशील? मी मान हलवली. मले सुताचे एवढाले नंबर पाठ होते, चार टिकल्या काय घेऊन बसल्या.

अन् आता ती गोष्ट सांगते, जी सांगाले मले अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात काकू मुलाकडं गेल्या. चाबी मले दिली, म्हणाल्या घर पाहा, झाडांना पाणी घाल, मशीन तेवढी चालू ठेव. मे महिना, बोअर खोल गेलेलं, अन् एक दिवस पाणी गढूळ आलं, चहासारखं. आता आमच्या उमरेडच्या घरी पावसाळ्यात असं पाणी आलं का आई हंड्यात तुरटीचा खडा फिरवे, सकाळी खाली गाळ अन् वर पाणी जसं आरशासारखं. मी म्हटलं, मशीन पाणी साफ करते, तुरटीही पाणी साफ करते, मशीनले मीठ देतो तर तुरटी दिली का अजून चांगलं करन. कोणी सांगतलं नाही, माझ्याच डोक्यातून निघालं. किराण्यातून माझ्या पैशानं दोन किलो तुरटी आणली, खलबत्त्यात कुटली, हात सोलले माझे, अन् मिठाच्या ड्रममध्ये टाकली, काठीनं हलवली, अन् लाल टिकलीवर हँडल नेलं. मनात एवढी खुशी, का काकू येतील तर म्हणतील सुमन, पाणी काय झकास ठेवलंस!

दुसऱ्या दिवशी टाकीत पाण्याची धार करंगळीएवढी. तिसऱ्या दिवशी थेंब थेंब. मोटर खाली कण्हून राहिली अन् वर काही नाही. मी घाबरली. मशीनवर मेकॅनिकचा नंबर चिकटवला होता, मी हयातीत परक्या माणसाले फोन केला नव्हता, तो केला.

आले वासुदेवभाऊ. पन्नाशीचे, एक गुडघा अधू, जिना चढताना प्रत्येक पायरीले शिवी देतात, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याईनं टाका उघडला अन् आत हात घातला. मी पहिल्यांदा पाहिलं मशीनच्या पोटात काय असते. बारके बारके दाणे, खसखशीहून जरासे मोठे, गुळाच्या रंगाचे, लाखो करोडो! पण ते सुटे नव्हते, पांढऱ्या चिकट लगद्यात गोळा होऊन गेले होते, जशी बिघडलेली खीर. वासुदेवभाऊनं गोळा हातात घेऊन माझ्याकडं पाहिलं, म्हणाले बाई, काय खाऊ घातलं हिले? मी मिठाच्या ड्रमकडं पाहिलं. ते म्हणाले मी डॉक्टर आहे हिचा, खरं सांगा. मी म्हटलं तुरटी. म्हणाले काय? मी म्हटलं तुरटी, दोन किलो. त्याईचा खर्रा तोंडातल्या तोंडात थांबला. म्हणाले तीस वर्षं झाली जी मले या धंद्यात, लोकांनी बारीक मीठ टाकलं, सोडा टाकला, एकानं लिंबू पिळलं, पण मशीनची दाढी करून तुरटी फिरवणारी तुम्ही पहिल्याच!

मले हसू येत नव्हतं. म्हटलं धुतलं तर निघन का? म्हणाले नाही, दाणे गेले, सगळे बदलावे लागतील. सात हजार चारशे, मजुरी धरून. माझं डोकं फिरलं, तिन्ही घरचा मिळून माझा पगार तेवढा नव्हता. मंग वासुदेवभाऊ दयेनं म्हणाले, असं करा, काकूले सांगजा का बोअरनं गाळ फेकला अन् दाणे बसले, होते असं, मी पण तेच सांगीन, कोणी विचारत नाही. अन् खरंच कोणी विचारलं नसतं. गाळ आलाच होता.

घरी आली, ह्यांना सांगतलं. हे म्हणाले बारक्या दाण्याचे सात हजार? सोन्याचे होते का वं? मंग म्हणाले, तो मेकॅनिक म्हणते तसं सांगून मोकळी हो. मी रात्री जेवली नाही. मले खोटं बोलता येत नाही असं नाही, मले बोलताच येत नाही, खरं बोलाले जेवढं तोंड उघडावं लागते तेवढंच खोट्याले. पण ती मशीन रोज दिसणार होती ना. रोज गच्चीवर कपडे वाळू घालणार अन् रोज ती तिथं उभी.

काकू ज्या दिवशी आल्या त्या दिवशी मी फाटकातच उभी. ऑटोतून उतरल्या, हातातली बॅग खाली ठेवली नव्हती, अन् मी एका दमात सांगून टाकलं, काकू मी मशीनमध्ये तुरटी टाकली, मशीन मेली, बोअरचा दोष नाही, माझा आहे, पैसे मी भरीन. काकूनं बॅग खाली ठेवली. मंग म्हणाल्या आत तर येऊ दे. पाणी प्यायल्या. मले वाटलं ओरडतील, त्या ओरडल्या नाहीत, ते अजूनच वाईट. म्हणाल्या, सुमन, पैसे नकोत मला तुझे, चूक आहे, चोरी नाही. पण यापुढे त्या मशीनला हात लावायचा नाहीस, वासुदेव करतील.

काय सांगू तुम्हाले, सात हजार ऐकून मी रडली नव्हती, हे ऐकून रडली. हात लावायचा नाही! मी म्हटलं, अन् मले अजून कळत नाही का माझ्या तोंडून निघालं कसं, मी म्हटलं काकू, पैसे मी देईनच, महिन्याचे पाचशे, अन् पूर्ण फिटले का मंग मी हात लावीन. काकूनं चष्म्यावरून पाहिलं. शाळेत पोरं असं पाहिल्यावर चड्डीत मुतत असतील. म्हणाल्या बरं. फिटले की लाव.

तर दुसऱ्या दिवशी वासुदेवभाऊ नवे दाणे घेऊन आले, अन् मी मागं हात बांधून उभी राहून सगळं पाहिलं. पहिले तळाशी गोटे टाकले, मधल्या नळीच्या तोंडाले फडकं बांधलं, म्हणजे दाणे नळीत जाऊ नये, अन् मंग ते गुळाचे दाणे सळसळ सळसळ ओतले. मी हळूच विचारलं, भाऊ, हे दाणे करतात काय? बस, माणूस खूश! त्याईले कोणी विचारतच नाही, लोकं फक्त विचारतात किती झाले. म्हणाले, जड पाण्यात चुना असते बाई, दिसत नाही पण असते. या दाण्यांवर मिठाचा अंश बसून असते. पाणी आलं का दाणे चुना धरून ठेवतात अन् मिठाचा अंश सोडतात, पाणी नरम होऊन जाते. सगळे दाणे चुन्यानं भरले का मशीन थकली. मंग मिठाचं दाट पाणी द्यायचं, तो चुना सुटते अन् नालीत जाते. दाणे परत ताजे.

मी ऐकलं अन् माझ्या डोक्यात लख्ख पडलं! म्हटलं भाऊ, म्हणजे ही पंगत आहे! म्हणाले कशी? मी म्हटलं दाणे म्हणजे पाट, त्यावर मिठाची माणसं बसली आहेत, गरीब माणसं. मंग चुना येते, तो मोठा मानपानाचा पाहुणा, तो आला का मिठाचं माणूस उठून जागा देते. होता होता सगळे पाट पाहुण्यांनी भरले, आता नवा पाहुणा आला तर सरळ घरात घुसते. मंग आपण काय करतो, मिठाच्या माणसांची अख्खी वरात आणतो, एवढी गर्दी एवढी गर्दी, का मानपानवाले पाहुणे चेंगरून स्वतःच उठतात! वासुदेवभाऊ हसाले लागले, हसता हसता खर्रा गच्चीखाली थुंकले, काकू खालून ओरडल्या वासुदेव! पण मले म्हणाले, बाई, मले ट्रेनिंगमध्ये दोन दिवस सांगून समजलं नव्हतं ते. अन् तुमच्या तुरटीनं काय केलं ठाऊक आहे, तिनं पाटांवर शिरा सांडला. कोणालेच बसता येईना.

परक्या माणसासमोर एवढं लांबलचक मी हयातीत पहिल्यांदा बोलली होती. सायकलवर घरी जाताना मले कळेना का मी पायडल मारून राहिली का उडून राहिली.

अन् मंग काय झालं, वासुदेवभाऊच म्हणाले, हुडकेश्वरच्या या लाईनीत घरोघरी मशीन आहेत, लोकं बसवतात अन् विसरून जातात, मीठ संपते, कोणी पाहत नाही, मंग मले फोन, अन् माझा गुडघा जिने चढाले नाही म्हणते. तुम्ही आठवड्याले एकदा फिरून हँडल फिरवा, मीठ पाहा, घरवाले शंभर देतील, बिघाड असला तर मले बोलवा. हे म्हणाले तुले जमन का, तू तर बेल वाजवाले घाबरते. खरं होतं. पहिल्या घरी मी दारासमोर उभी राहिली अन् बेल न वाजवता परत आली. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी त्या घरची बाई कचरा टाकाले बाहेर आली म्हणून भेट झाली, नाही तर अजून उभी असती. तिनं पहिलेच विचारलं, मिठाचं पाणी आमच्या वरणात नाही ना येणार वं? मी म्हटलं नाही जी, दाट मीठ सगळं नालीत जाते, पण मी चाखून पाहते, चाखल्याबिगर घरात पाणी सोडत नाही. अन् झाडांना हे पाणी नका घालू, झाडांना बोअरचंच बरं, मशीनच्या आधीचा नळ ठेवा. ती म्हणाली तुले बरंच माहीत आहे. मी म्हटलं एक मशीन मारून शिकली.

खरं सांगते, लोकं चुका पण कशा कशा करतात! एका घरी मशीनले जेवणाचं बारीक मीठ, ते तळाशी चिखल होऊन बसलं, मी हातानं उपसून काढलं अन् खडे मीठ टाकाले लावलं. एका घरी ड्रमचं झाकण नाही, आत पाल. एका घरी मशीनच्या पहिले जी गाळणी असते, जिच्यात बोअरची रेती अडते, ती बसवल्यापासून धुतलीच नव्हती, काढली तर मातीचा दगड! वासुदेवभाऊनं मले छोटी बाटली दिली, तपासायची. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं अन् थेंब टाकायचे, गुलाबी झालं म्हणजे जड, निळं झालं म्हणजे नरम. बायांनो, ते निळं होते ना तेव्हा! मी ह्यांना दाखवाले एकदा घरी बाटली आणली. आमच्या नळाचं पाणी गुलाबी झालं, अन् एका घरचं बाटलीत भरून आणलं होतं ते निळं. हे दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहत राहिले, म्हणाले अशी निळी बॉर्डर माझ्या बापानं विणली असती तर विकली गेली असती.

पण काकूच्या घरी मी मशीनले हात लावत नव्हती. गच्ची झाडली तर मशीनच्या भोवती भोवती झाडली, कपडे वाळू घातले तर तिच्याकडं पाठ करून. दर महिन्याच्या पाच तारखेले पाचशे काकूच्या टेबलावर ठेवले, काकू ते उचलून ठेवत. वासुदेवभाऊ गुडघा धरून येत अन् त्यांचं ते करत.

ऑगस्टात झालं असं का एक दिवस कपडे धुवाले बसली अन् फेस नाही. साबण फाटून राहिला. मी काकूले म्हटलं काकू, मशीन बंद पडली. काकू म्हणाल्या वासुदेव गावाला गेलेत, आठ दिवस. म्हटलं ड्रममध्ये मीठ आहे का? काकू वर आल्या, झाकण उघडलं, म्हणाल्या आहे की, वरपर्यंत आहे. मी लांबूनच पाहिलं अन् मले समजलं. पावसाळ्याची ओल लागून वरचं मीठ पापुद्र्यासारखं जमून जाते, खाली सगळं पोकळ, पाणी मिठाले लागतच नाही, माणसाले वाटते ड्रम भरला आहे. मी म्हटलं काकू, वर पूल झाला आहे मिठाचा, काठीनं फोडा. काकू म्हणाल्या मग फोड ना. मी हात मागं बांधले. म्हटलं मले नाही चालत, काकू.

काकूनं पाहिलं मले, ते चष्म्यावरून. म्हणाल्या अगं, वेडी आहेस का, मी सांगते आहे ना! मी म्हटलं अजून पाच हजार नऊशे राहिले. काकू म्हणाल्या माफ केले मी. मी म्हटलं मी नाही केले. मंग काय, काकूनं पदर खोचला, जाळे काढायच्या झाडूचा दांडा घेतला अन् ड्रममध्ये घातला. मी मागून सांगून राहिली, मधात नाही काकू, काठाकाठानं, हळू, ड्रम फुटन. काकू म्हणाल्या पस्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, आता तू मला मीठ शिकव. खडाक करून पापुद्रा खाली गेला अन् काकूच्या तोंडावर मिठाचा भपकारा! काकू खोकतात अन् हसतात, हसतात अन् खोकतात. मंग म्हणाल्या आता? म्हटलं आता पिवळी टिकली. आता लाल. आता अर्धा घंटा बसा. आम्ही दोघी गच्चीवर पायरीवर बसलो, काकूनं चहाचं विचारलं अन् मी पहिल्यांदा म्हटलं साखर जरा जास्त टाका. काळी टिकली झाली, काकूनं बोट चाखून तोंड वाकडं केलं, म्हणाल्या अजून खारट आहे गं. मी म्हटलं मंग चालू द्या. मी बाटली दुरूनच पुढं केली, काकूनंच थेंब टाकले, अन् पाणी निळं! काकू शाळेतल्या पोरीसारख्या ओरडल्या, झालं! झालं गं सुमन!

तेव्हापासून काकू वासुदेवभाऊले बोलवत नव्हत्या. मी खालून सांगे अन् त्या वरून करत. त्याईले त्याचा भल्ला गर्व, फोनवर मुलाले सांगत, मशीन मीच सांभाळते.

आता माझ्याकडं अकरा घरं आहेत. बेल वाजवते मी, दोनदा पण वाजवते. वर्षातून एकदा प्रत्येकाचा मिठाचा ड्रम पूर्ण रिकामा करून धुते, तळाले जो मातीचा थर बसते तो कोणी सांगत नाही पण तोच पुढं जाऊन नळी बंद करते. उन्हाळ्यात बोअर खोल गेलं का चुना जास्त, तेव्हा आठवड्याच्या जागी चार दिवसांनी हँडल. हे सगळं कोणाले सांगाचं असलं तर मी सांगते आता, लाजत लाजत, पण सांगते. स्वाती म्हणते आई, तू मशीनची गोष्ट निघाली का ओळखू येत नाही.

अन् मागच्या पाच तारखेले मी काकूकडं गेली. गाऊनवरच होत्या, दाढ दुखत होती म्हणून कावलेल्या. मी टेबलावर पैसे ठेवले नाही, म्हटलं काकू वर चला. म्हणाल्या आज नको, आज माझ्याकडून दांडा उचलणार नाही. म्हटलं चला तर. जिन्याचा कठडा धरून त्या वर आल्या. मशीनसमोर उभी राहून मी पदराच्या गाठीतून शंभराच्या चार नोटा काढल्या अन् त्यांच्या हातावर ठेवल्या. काकू त्या नोटांकडं पाहत राहिल्या, दाढ विसरल्या. मी म्हटलं मोजा. म्हणाल्या काय मोजायचं चार नोटांत. मी म्हटलं मोजा काकू. त्याईनं बोटाले थुंकी लावून मोजल्या, एक, दोन, तीन, चार. म्हणाल्या, फिटले गं सुमन, सगळे फिटले. अन् मंग पाठ फिरवून जिन्याकडं निघाल्या, म्हणाल्या तू हँडल धर, मी खाली जाऊन मोटर लावते.